पपनसाची पहिली फोड

आधीच सांगते, यात पपनसाचा काही दोष नाही. ते बिचारं झाड आमच्या मागच्या परड्यात तीस वर्षं उभं आहे, दर चतुर्थीला न चुकता फळतं, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. दोष माणसांचा. त्यातही आमच्या आंबेरवाडीतल्या माणसांचा. त्यांना काहीही सांगा, मान डोलवतील, चहा देतील, आणि करायचं तेच करतील.

मी रागाने बोलते आहे असं वाटेल. वाटू दे. वर्ष होत आलं, अजून राग गेलेला नाही.

मी रसिका कोचरेकर. आरोग्य केंद्रात मदतनीस होते, पण गावात मला सगळे 'फुंकणीवाली' म्हणायचे. वाडीत आणि आजूबाजूला दम्याचे एकेचाळीस रुग्ण, आणि त्या एकेचाळीस घरांच्या भिंतींवर मी एकेचाळीस यंत्रं बसवली होती. कंपनीने त्यांना काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. गावाने पहिल्याच दिवशी त्याची फुंकणी करून टाकली. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, त्याला एक नळी. सकाळी उठून नळीत जोरात फुंकायचं. श्वासाला जोर किती, श्वासनळ्यांना सूज किती, ते यंत्र त्या एका फुंकेवरून ओळखतं. मग पुण्याच्या बाईच्या आवाजात तीन प्रश्न विचारतं. पाय दुखतात का? लघवीचा रंग बदलला का? कालपासून पपनस किंवा त्या जातीचं फळ खाल्लंत का? तिन्हीला 'नाही' म्हटलं की खालच्या खणात त्या दिवसाची गोळी पडते. एकाला जरी 'हो' म्हटलं, तर गोळी नाही आणि मला फोन.

गोळी कसली, तर कोलेस्टेरॉलची. म्हणजे हृदयवाल्यांना जी देतात तिचीच धाकटी बहीण, जरा जास्त ताकदीची. हे समजावता समजावता माझा घसा बसला. शिवा मेस्त्री, आमचा सुतार, आयुष्यभर लाकडाचा भुसा नाकात जाऊन दमा जडलेला, अंगाने काडी. तो सदरा वर करून मला म्हणाला, "गो रसू, चरबीची गोळी माका कित्याक? चरबी दिसता खंय तुका?"

मग मी पाटीवर चित्र काढायचे. आपल्या पेशींमध्ये कोलेस्टेरॉल बनवायचा कारखाना असतो. तो जोडधंदा म्हणून बारीक तेलकट आकडे बनवतो. काही प्रथिनं या आकड्यांनी पेशीच्या भिंतीला लटकतात आणि तिथून हुकूम सोडतात, आवळा. श्वासनळीभोवतीचा स्नायू आवळतो, सूज चढते, दम लागतो. गोळीने कारखाना मंदावला की आकडे कमी, लटकणारे कमी, हुकूम कमी. श्वासनळी सैल पडते.

इथपर्यंत सगळ्यांना आवडायचं. पुढचं मी दोनदा सांगायचे. तेच आकडे मांडीच्या आणि दंडाच्या स्नायूंनाही जगायला लागतात. ते फारच कमी झाले तर स्नायू तुटायला लागतो, त्याचा गाळ रक्तातून जाऊन मूत्रपिंडात बसतो, आणि मूत्रपिंड बंद पडलं की माणूस जातो. म्हणून मात्रा मोजून द्यायची, म्हणून हे यंत्र. आणि म्हणूनच पपनस नाही. आपल्या आतड्यात एक विकर असतं, पहारेकरी म्हणा. या गोळीचा बराचसा भाग ते रक्तात शिरायच्या आधीच मोडून टाकतं, आणि मात्रा तेवढं धरूनच ठरवलेली असते. पपनसाच्या रसाने तो पहारेकरीच निकामी होतो. शरीर नवा नेमेपर्यंत दोन-तीन दिवस दार उघडं. एक गोळी खाल्ली तरी तीन-चार खाल्ल्यासारखं.

एकेचाळीस घरांत मी हे सांगितलं. भिंतीवर पपनसाचं चित्र चिकटवलं, त्यावर लाल फुली. सगळ्यांनी माना डोलवल्या. सगळ्यात जोरात डोलवली ती आमच्या अप्पांनी.

अप्पा म्हणजे माझे वडील, भालचंद्र कोचरेकर, निवृत्त पोस्टमास्तर. पण पोस्टातली नोकरी पोटासाठी. खरे ते भजनी बुवा. काळी चारात गायचे. ज्यांना पेटीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, पुरुषाच्या आवाजाला ती फार उंच पट्टी. गणपतीत आमच्याकडे घरोघरी आरत्या आणि भजनं होतात, तेव्हा अप्पा कुणाच्या घरी आधी येणार यावरून लोकांचे रुसवे व्हायचे. मग दमा आला. दोन ओळी म्हटल्या की धाप, तिसऱ्या ओळीला खोकला. एका वर्षी भर भजनात त्यांचा श्वास अडकला, पोरांनी उचलून बाहेर नेलं. त्या दिवसापासून आमची पेटी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेली. अप्पा नऊ वर्षं भजनाला जायचे, पण कोपऱ्यात बसून झांज वाजवायचे. ज्यांना धड सूर लागत नाही अशी माणसं पुढे बसून गायची आणि हे झांज वाजवायचे. मला ते बघवत नसे.

फुंकणी आली आणि चार महिन्यांत अप्पांनी स्वतः शिडी लावून पेटी खाली काढली. आवाज पूर्वीचा नव्हता, पट्टी बरीच खालची, काळी एक. पण न खोकता पूर्ण अभंग म्हणाले. मी स्वयंपाकघरात होते. हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आले आणि रडले. तेवढ्यासाठी मी त्या कंपनीचे शंभर अपराध पोटात घातले होते.

मग दोन हजार एकेचाळीसची चतुर्थी आली. गणपती बसले, वर माटवी, म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकट बांधली, तिला नारळ, सुपारी, कवंडाळाची लाल फळं, आंब्याच्या डहाळ्या. देवापुढच्या फळांत परड्यातलं पपनस. आरती झाली, पपनस सोलून त्याचा प्रसाद वाटला गेला. सगळ्यांनी हात पुढे केले, कपाळाला लावून तोंडात टाकला. त्यात काही विशेष घडलं असं कुणालाच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी पट्टी काळी दोन केली. चौथ्या दिवशी काळी तीन. पखवाजावर शिवा मेस्त्री होता, तो थाप विसरून त्यांच्याकडे बघत राहिला. बासष्ट घरांची वाडी, पण प्रत्येक घरात तीच चर्चा, बुवांना देवाने गळा परत दिला. मी रोज यंत्राचा आलेख बघत होते. अप्पांची रेघ हिरवीगार. आता मी काय केलं ते ऐका. मी त्यांच्या गाण्याचा व्हिडिओ काढला आणि आमच्या समन्वयकाला, निमिष नावाच्या एका गुळगुळीत बोलणाऱ्या मुलाला पाठवला. त्याने तो कंपनीच्या पानावर टाकला. खाली लिहिलं, 'श्वास परत, सूर परत'. एका दिवसात पन्नास हजार लोकांनी बघितला. माझ्याइतकी शहाणी बाई त्या आठवड्यात जिल्ह्यात दुसरी नसेल.

अप्पा मधून मधून मांड्या चोळायचे. मी विचारलं, तर म्हणाले, "दिवसभर मांडी घालून बसतंय मगे दुखाचे नाय?" मला पटलं. यंत्राला ते 'नाही' सांगत होते हे मी रोज बघत होते, तरी पटलं.

नवव्या दिवशी सकाळी ते पाटावरून उठले नाहीत. उठायचा प्रयत्न केला, पण पाय हललेच नाहीत. न्हाणीघरात मी जाऊन बघितलं, तर लघवी कोऱ्या चहासारखी. मला पुढचं सगळं एका क्षणात कळलं, कारण तेच तर मी वर्षभर पाटीवर काढत होते.

जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टर लोबो होत्या. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी रक्त बघितलं, सलाईन जोरात सोडलं आणि अप्पांना विचारलं, "पपनस खाल्लंत?"

"नाही," अप्पा म्हणाले.

"काका, नीट आठवा."

"खाल्लं नाही. प्रसाद तेवढा घेतला."

लोबो डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. कपाळावर हात मारावा की अप्पांच्या मारावा हे मला कळेना. प्रसादाला पथ्य नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उपास असो, मधुमेह असो, प्रसाद म्हणजे खाणं नव्हे. त्याला नाही म्हणायचं नसतं आणि तो मोजायचा नसतो.

मी बाहेर येऊन एकेक घर फोनवर घेतलं.

"पपनस खाल्लात?"

"नाय गो."

"प्रसाद?"

"प्रसाद काय, तो खाल्लो."

एकेचाळीसपैकी अकरा घरांत हेच. अकरा माणसं यंत्राला रोज सकाळी देवाशपथ खरं सांगत होती आणि पपनस खात होती. शिवा मेस्त्री तर तीन दिवस रोज अख्खं फळ संपवत होता. कारण त्याने अप्पांना विचारलं, बुवा, गळा सुटला कसा, आणि अप्पा म्हणाले, प्रसाद. त्याच्याही पोटऱ्या दुखायला लागल्या होत्या. मी त्या सगळ्यांची गोळी बंद केली, सगळ्यांना रक्त द्यायला बोलावलं, शिव्या घातल्या. शिवाला इस्पितळात दोन दिवस ठेवून घेतलं, बाकीचे थोडक्यात सुटले.

अप्पा सुटले नव्हते. मूत्रपिंडाचा आकडा रोज चढत होता. तीन वेळा डायलिसिस झालं. वाडीत अनंत चतुर्दशीला गणपती गेले तेव्हा मी इस्पितळाच्या बाकावर बसून देवाला हात जोडत होते, आणि त्याच वेळी त्याच्यावर चिडतही होते.

आता माझ्यावर येते. मघाशी मी म्हटलं, प्रसाद वाटला गेला. असं आपोआप काही वाटलं जात नाही. वाटणारी मी होते. पपनस मी सोललं, फोडी मी केल्या, आणि अप्पांनी हात पुढे केला तेव्हा पहिली फोड मी त्यांच्या तळहातावर ठेवली. पाठीमागच्या भिंतीवर मीच चिकटवलेलं चित्र होतं, लाल फुलीचं. माझ्या मनात काहीही आलं नाही. वाडीतल्या अकरा घरांना मी ज्या तोंडाने शिव्या घातल्या, त्याच तोंडाने मी त्या दिवशी 'मंगलमूर्ती मोरया' म्हणत फोडी वाटल्या होत्या.

इस्पितळातल्या आठव्या दिवशी आकडा उतरायला लागला. लघवी स्वच्छ झाली. अप्पांना उशीला टेकवून मी पेज भरवत होते, तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. म्हटलं, अप्पा, चूक माझी आहे, मीच दिलं.

त्यांनी पेजेचा चमचा हाताने बाजूला केला.

"रसू, ता प्रसादाचा काय खरा नाय," ते म्हणाले. "पयल्या दिवशी प्रसाद होतो. दुसऱ्या दिवशी गळो सुटलो तेव्हा माका कळला. मी पोस्टात होतंय, दोन नि दोन चार माका समाजतत. मगे मी रोज परड्यात जावन पपनसच खाल्लंय."

पेजेचा वाडगा मी खाली ठेवला.

"ती पुण्याची बाय विचारी, पाय दुखतत? मी म्हटलंय, नाय. रंग बदललो? नाय. पपनस? नाय." मग ते म्हणाले, "शिवाक माझ्यामुळे झाला. तेका खरा सांगूक होया होता. लाज वाटली, म्हणून प्रसाद म्हटलंय. ता माझा चुकला."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. बापाशी कुणी बोलत नाही तसं बोलले. मेला असतात तर मी काय केलं असतं, हेही विचारलं. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"नव वर्षां झांज वाजवलंय गो," ते म्हणाले. "आठ दिवस गावन घेतलंय."

मी वाडगा उचलला आणि उरलेली पेज भरवली.

लोबो डॉक्टर म्हणाल्या, ही गोळी आता त्यांना पुन्हा नाही. पण त्याच जातीची दुसऱ्या प्रकारची एक गोळी आहे. तिला तो आतड्यातला पहारेकरी हातच लावत नाही, त्यामुळे पपनसाने तिला काही फरक पडत नाही. सहा महिन्यांनी मूत्रपिंड पूर्ण सुधारलं तर अगदी कमी मात्रेत, दर आठवड्याला रक्त तपासून, देऊन बघता येईल. नाहीतर पुन्हा जुने फवारे, पुन्हा झांज. फक्त ती गोळी बाजारात मिळत नव्हती, फुंकणीच्या योजनेतूनच मिळायची.

आणि इथे निमिषचा फोन आला. व्हिडिओ त्याने आधीच काढून टाकला होता, आणि आता असा काही व्हिडिओ कधी नव्हताच अशा आवाजात तो बोलत होता.

"मॅडम, घटनेचा अहवाल भरायचाय. कारण निवडा आणि सबमिट करा, एवढंच."

कारणं तीन होती. पहिलं, रुग्णाने जाणूनबुजून माहिती लपवली. ते निवडलं की रुग्ण योजनेतून कायमचा बाद. दुसरं, मदतनिसाची चूक. ते निवडलं की रुग्ण राहतो आणि मदतनिसाच्या हातातून सगळी यंत्रं काढून घेतात. तिसरं, यंत्रातील त्रुटी. ते बटण फिकं होतं, दाबलंच जात नव्हतं.

"हे तिसरं का चालत नाही?" मी विचारलं.

"ते पुढच्या अपडेटमध्ये येईल मॅडम."

"मग निदान प्रश्न तरी बदला. पपनस खाल्लं का असं विचारू नका. प्रसाद घेतलात का, आणि त्यात कुठलं फळ होतं, असं विचारा. अकरा माणसं वाचतील."

"धार्मिक विषय आहे मॅडम. आमचे वकील नाही म्हणतील."

मी फोन ठेवला. अप्पांनी सगळं ऐकलं होतं.

"पयला दाब," ते म्हणाले.

"अप्पा, पहिलं दाबलं तर तुम्हाला ती गोळी जन्मात मिळणार नाही."

"खोटा बोललंय मी. चाळीस वर्षां पोस्टात एक अक्षर खोटा लिवक नाय. आता तुझ्या, पोटच्या चेडवाच्या हातान लिवन घेव?"

"खोटं कुठे आहे? पहिली फोड कुणी दिली?"

"मगे सात दिवस मी खाल्लंय."

"पहिली कुणी दिली ते सांगा."

ते भिंतीकडे तोंड करून झोपले. मी दुसरं कारण दाबलं. मला ते काम फार आवडायचं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी बाहेर पडायचं, घराघरांतून फुंकण्याचे आवाज ऐकायचे, कुणाचा श्वास कालच्यापेक्षा बरा आहे ते बघायचं. तेही गेलं. अप्पा पुढचे सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. घरात दोनच माणसं आणि त्यांतलं एक मुकं. जेवायला वाढलं की जेवायचे, ताट घासून ठेवायचे. मीही काही कमी नव्हते. मी तेवढे महिने त्यांच्या आवडीची एक भाजी केली नाही.

सहा महिन्यांनी नवी फुंकणीवाली आली. ऋतुजा नावाची, कुडाळची, पंचवीसची असेल. तिने आमच्या भिंतीवर नवं यंत्र बसवलं, पाटीवर चित्र काढलं, कारखाना, आकडे, पहारेकरी. आकडे तिला नीट काढता येत नव्हते. मी खडू मागितला नाही. अप्पांनी मान डोलवली नाही. त्यांनी चष्मा लावून तिला चार प्रश्न विचारले आणि उत्तरं जुन्या डायरीत उतरवून घेतली. ती गेल्यावर मला म्हणाले, "पोरगी बरी आसा. पण तू बरा शिकवायस." तेवढ्यावर आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

परवाची ही चतुर्थी. माटवी बांधली, आरती झाली. मी पपनस सोललं, ताटात फोडी केल्या, वाटायला निघाले. पेटीपाशी अप्पा बसले होते. त्यांनी सवयीने हात पुढे केला.

नव्या गोळीला पपनस चालतं. लोबो डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे, ऋतुजाच्या यादीत त्याला फुली नाही, आणि ते कशामुळे चालतं हे वाडीत माझ्याइतकं कुणाला कळत नाही. फोड माझ्या चिमटीत होती. खाली अप्पांचा तळहात. आजूबाजूला सगळी वाडी बघत होती, कारण देवाचा प्रसाद कुणी कुणाला नाकारत नाही.

"चलता गो आता," शिवा मेस्त्री हळूच म्हणाला.

"चालत असेल," मी म्हटलं. "मी देणार नाही."

ती फोड मी ताटात परत ठेवली आणि साखरेची चिमूट अप्पांच्या हातावर ठेवली. अप्पांनी ती चिमूट बघितली, माझ्याकडे बघितलं, कपाळाला लावून तोंडात टाकली. मग हात धोतराला पुसला आणि पेटी पुढे ओढली.

शिवाने पखवाजावर बोटं फिरवत विचारलं, "बुवा, जरा वर घेऊया?"

"नको," अप्पा म्हणाले. "आसा ता पुरे."

आणि त्यांनी काळी एक धरली.